हात धुऊन पुस्तकांच्या मागे

माझी भाची यंदा कॉलेजसाठी सांगलीत आली. विश्रामबागेत खोली घेऊन राहते. वाचायची आवड आहे तिला, पण पुस्तक घेणं म्हणजे फोनवर बोट दाबायचं आणि चौथ्या दिवशी कुरिअरवाल्याकडून खोकं घ्यायचं, एवढंच तिला ठाऊक. एका शनिवारी मी म्हटलं, चल, पेठेत पुस्तकांच्या दुकानात जाऊन येऊ. तर म्हणते, "मावशी, कुठलं घ्यायचं ते ठरलेलंच नाही. नुसतं जाऊन करायचं काय तिथं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. "बघायचं की," एवढंच म्हटलं आणि घेऊन गेले. पाहुण्यांच्या घरी माणूस सोफ्याच्या कडेवर बसतो ना, तशी ती दुकानात उभी होती. दोन्ही हात पाठीमागे, डोळे फक्त मुखपृष्ठांवर. दहा मिनिटांत म्हणाली, "झालं बघून."

तिच्यासारख्या नवख्यांसाठी हे लिहितेय. दुकानाचं नाव देत नाही, मालकांना आवडणार नाही ते. एका माणसानं किंवा एका घरानं चालवलेलं, जिथं मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि पुस्तकं त्याच्या स्वतःच्या अंदाजानं मागवलेली असतात, असं कुठलंही दुकान चालेल. सांगलीत पेठेतल्या गल्ल्यांमधून पायी हिंडलात तर सापडेल. गाडीवरून जाताना दिसत नाही, कारण दर्शनी भागात वह्या आणि पेनं टांगलेली असतात.

पहिली पायरी: वेळ

जून सोडून कधीही जा. शाळा उघडायच्या आगेमागे तीन आठवडे ते दुकान वह्या, गाईडं आणि खाकी कव्हरांचं असतं. गल्ल्यापुढं आयांची रांग, प्रत्येकीच्या हातात शाळेनं दिलेली यादी, आणि गल्ल्यावरचे मालक काका एका हातानं बिल लिहितायत, दुसऱ्यानं पट्ट्या मोजतायत. या गर्दीला नाक मुरडू नका. तिच्या जिवावर कवितेचा कप्पा वर्षभर उभा असतो. आपण फक्त तेव्हा मध्ये लुडबुडायचं नाही.

दुपारी एक ते चार नको. शटर अर्धं खाली असतं आणि आत कुणीतरी डबा खात असतं. सकाळी अकराला दुकान नुकतं झाडलेलं असतं, पण तेव्हा उदबत्ती लावलेली असते आणि तिच्यापुढं बाकीच्या कुठल्याच वासाचं काही चालत नाही. म्हणून साडेअकरा.

महिना निवडता येत असेल तर फेब्रुवारी-मार्च. हळदीचा हंगाम असतो. शक्य असेल तर गणपती पेठेतून चालत या. हळकुंडांची पोती, गुळाच्या ढेपा, मिरची, काथ्या, सगळ्याचे वास एकामागोमाग एक अंगावर येतात. पाच मिनिटं असं चाललं की नाक जागं होतं. आणि पुढचा अर्धा तास कामाला लागणार आहे ते नाकच.

दुसरा चांगला काळ दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस. दिवाळी अंकांचे गठ्ठे येतात, सुतळी कापली जाते, आणि ओल्या शाईचा वास दारापर्यंत येतो. 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाच्या नाकात फराळाच्या तळणीबरोबर हाही वास बसलेला आहे.

दुसरी पायरी: हात धुवा

हे वाक्य अक्षरशः घ्या.

बरीच वर्षं झाली. मी बँकेतून सुटून, वाटेत भडंगाचा पुडा फस्त करत दुकानात शिरले. हात रुमालाला पुसले होते. पण भडंगाचं तेल रुमालाला दाद देत नाही. शेतीच्या कप्प्यातून सहज एक पुस्तक ओढलं, चाळलं, आणि परत ठेवताना दिसलं की एका आकृतीच्या बरोबर मध्यावर माझ्या अंगठ्याचा नारिंगी ठसा उमटलाय. रेघा मोजता येतील इतका स्वच्छ. काकांनी बघितलं. एक शब्द बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

अशा रीतीनं मी द्राक्षबागेच्या छाटणीवरचं पुस्तक विकत घेतलं. माझ्याकडं एक गुंठा जमीन नाही. पण घेतलं म्हणून वाचलं, आणि एप्रिलची खरड छाटणी वेगळी, ऑक्टोबरची फळछाटणी वेगळी, पहिलीत काडी तयार होते आणि दुसरीनंतर घड येतात, हे कळलं. तासगावकडं जाताना बागा दिसतात त्या आता मला निराळ्या दिसतात. तरीही तुम्ही हात धुऊन जा. ओला हातही नको, कोरडा करून.

बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असेल तर ती दाराबाहेर चपलेजवळ ठेवा. पान उलटायचं ते वरच्या उजव्या कोपऱ्यातून, बोटाच्या पेरानं, खाली सरकवत.

तिसरी पायरी: पहिला श्वास

उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की थांबा. पुढं सरकू नका. उन्हातून आल्यानं डोळ्यांना अंधारी येतेच, ती जाईपर्यंत उभं राहायला निमित्त आहे. तेवढ्यात एक लांब श्वास घ्या. घाई यासाठी की नाकाला सवय फार लवकर होते. चार-पाच मिनिटांत दुकानाचा वास येईनासा होतो आणि मग बाहेर जाऊन पुन्हा आत आल्याशिवाय परत मिळत नाही. (मी जाते. चहाच्या निमित्तानं.)

याच वेळी मालक विचारतील, "काय देऊ?" नवख्या माणसाची इथं तारांबळ उडते आणि तो तोंडाला येईल ते नाव सांगून मोकळा होतो. सरळ म्हणायचं, "काही नाही काका, बघते जरा." उत्तर येईल, "बघा की निवांत." एवढ्यात परवाना मिळाला. यापुढं तासभर तुम्हाला कुणी हटकणार नाही.

आता वासाचं सांगते, कारण सगळे 'पुस्तकांचा वास' असं एकच म्हणतात आणि तिथं किमान तीन असतात.

नव्या पुस्तकाचा वास म्हणजे शाई, गोंद आणि कागद यांचं मिश्रण. पुठ्ठ्याजवळ नाक नेलंत तर गोंद जास्त येतो, पानांच्या मध्ये नेलंत तर शाई. नुकतंच छापून आलेलं पुस्तक मधोमध उघडून हुंगा. हा वास जरा तिखट असतो, घशाला लागतो. सहा महिन्यांत उतरतो.

जुन्या पुस्तकाचा वास गोडसर असतो. त्याचं कारण लाकडात आहे. कागद लाकडाच्या लगद्याचा, आणि लाकडात सेल्युलोजबरोबर लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो वर्षानुवर्षं हवेत हळूहळू मोडतो आणि त्यातून जी द्रव्यं सुटतात त्यात व्हॅनिलिनही असतं, म्हणजे आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाचा जो मुख्य वास, तोच. हलक्या प्रतीच्या कागदात लिग्निन जास्त राहतं, म्हणून वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेली पुस्तकं लवकर पिवळी पडतात. चांगल्या कागदातलं ते आधीच काढून टाकलेलं असतं. तो जास्त टिकतो आणि त्याला वासही कमी असतो. मला विचाराल तर स्वस्त पुस्तकं म्हातारपणी जास्त सुगंधी होतात.

तिसरा वास सांगलीकराला शिकवावा लागत नाही. ओलीचा.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पेठा पाण्याखाली. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. पाणी ओसरल्यावर दुकानांची शटरं वर गेली तेव्हा आतून जो वास आला तो या गावातल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो ओळखेल. गाळ, कुजका पुठ्ठा, आणि वर फिनेल. साधा कागद फुगून लाटांसारखा झाला होता, पण तो निदान सुटत तरी होता. चकचकीत आर्ट पेपरवाली पुस्तकं, म्हणजे चित्रांची, मुलांची, पाककृतींची, ती सगळी वीट झाली होती. त्या कागदावर गुळगुळीतपणासाठी चिनी मातीचा लेप असतो. भिजून वाळला की पानाला पान चिकटतं आणि मग सुरीनंही सुटत नाही. काकांनी तशी एक वीट अजून ठेवलीय, बिलबुकावर वजन म्हणून. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं तेव्हा खालच्या दोन फळ्या आधीच रिकाम्या होत्या. आजही रिकाम्याच असतात. तिथं फार तर वह्यांचे गठ्ठे, नाहीतर काकांच्या चपला.

नवख्यानं यातून घ्यायचं ते असं: जुनं पुस्तक हातात आलं की पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, शिवणीपाशी हुंगा. गोडसर, कोरडा, थोडा धुळीचा वास आला तर बिनधास्त घ्या. तळघरासारखा, शेवाळासारखा आला, किंवा पानांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली, तर कितीही दुर्मीळ असलं तरी परत ठेवा. बुरशी कपाटातल्या शेजाऱ्यांकडं जाते. नुसते तांबूस ठिपके असतील तर एवढं घाबरायचं कारण नाही, वयाचे असतात.

चौथी पायरी: हातात घ्या

पुस्तक फळीवरून ओढताना वरच्या टोकाला बोट अडकवून खेचू नका. कणा तिथंच फाटतो. दोन्ही बाजूंची पुस्तकं जरा मागं ढकला, मधलं आपोआप पुढं येतं, मग ते मधोमध धरा. काका नवख्याला ओळखतात ते इथंच.

आता ते नुसतं तळहातावर ठेवा. वाचू नका. वजन बघा. सारख्याच पानांची दोन पुस्तकं घेतलीत तर एक जाड असून हलकं लागतं, दुसरं बारीक असून भरीव. पहिल्याचा कागद फुगीर, त्यात हवा जास्त. दुसऱ्याचा दाबलेला. कागदाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. मराठी कादंबरी बहुधा ७० च्या आसपासच्या कागदावर असते. चिमटीत पान धरून अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासा. दोन-चार पुस्तकांनंतर बोटांना फरक कळायला लागतो. डोळ्यांना तो कधीच कळत नाही.

मग कण्याचं वरचं टोक बघा. पुस्तक उभं धरून, डोक्याकडून. तिथं पानांच्या घड्यांच्या बारीक बारीक चंद्रकोरी ओळीनं दिसल्या तर ते शिवलेलं आहे. मोठा कागद छापून, घड्या घालून सोळा पानांचा फर्मा करतात आणि असे फर्मे दोऱ्यानं एकमेकांना शिवतात. मधल्या पानावर उघडलंत तर दोराही दिसेल. चंद्रकोरी नसतील, सगळी पानं सरळ कापलेली आणि एका गोंदाच्या पट्टीत रोवलेली असतील, तर ते चिकटवलेलं. चिकटवलेलं वाईटच असतं असं नाही. पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा ते स्कूटरच्या डिकीत विसरू नका. गोंद मऊ पडतो आणि संध्याकाळी पानं पत्त्यांसारखी हातात येतात.

अजून एक बघायचं, जे फार थोडे लोक बघतात. पुस्तक उघडून एक पान हलकेच वाकवा, आधी कण्याला समांतर, मग आडवं. कागदातले तंतू एका दिशेनं पडलेले असतात आणि त्या दिशेनं तो सहज वाकतो. कण्याला समांतर सहज वाकला तर पुस्तक वाचताना नीट उघडं राहील. उलटं असेल तर पानं ताठ उभी राहतात, आणि जेवताना वाचायचं म्हटलं तर त्यावर पाण्याचा तांब्या ठेवावा लागतो.

जुन्या पुस्तकांत बोटांसाठी एक खास चैन आहे. १९८० च्या दशकापर्यंत बरीच मराठी पुस्तकं खिळ्यांवर छापली जात. शिशाचं एकेक अक्षर जुळवायचं, शाई लावायची आणि कागदावर दाबायचं. दाबल्यामुळं अक्षर कागदात रुततं. असं पान मिळालं तर डोळे मिटून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवरून बोट फिरवा. रवाळ लागतं, वेलांट्यासुद्धा जाणवतात. नंतरच्या ऑफसेट छपाईचं पान सपाट असतं, कितीही बोट फिरवा. माझ्या भाचीला मी हे करायला लावलं तेव्हा ती आधी हसली आणि मग तिनं ते पुस्तक दहा मिनिटं सोडलं नाही. आत काय लिहिलंय ते तिनं अजून बघितलं नव्हतं.

पाचवी पायरी: कान

इथं फार काही सांगण्यासारखं नाही. फोन गप्प करा, एवढंच. मग पंख्याची घरघर, वरच्या फळीशी टेकवलेल्या घोड्याची, म्हणजे शिडीची, कुरकुर, फडक्याचा फटका, बाहेर रिक्षावाल्याची शिवी हे सगळं येतं. शिवलेलं पुस्तक उघडताना आवाज करत नाही. चिकटवलेलं पहिल्यांदा उघडलं की 'कट्' होतं, आणि तो आवाज गल्ल्यापर्यंत जातो.

सहावी पायरी: जुन्याचं वय काढा

कोपऱ्यात जुन्या पुस्तकांचा ढीग असेल तर खाली बसा. स्टूल मागा, संकोच नको. जुन्या पुस्तकाचं वय सांगणारं पान बरेचदा फाटलेलं असतं. तरी ते काढता येतं, आणि यात मला जेवढी मजा येते तेवढी वाचण्यातही येत नाही, हे कबूल करते.

किंमत बघा. आण्यांत असेल तर पुस्तक १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. किंमतीपुढं 'नवे पैसे' असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतलं. १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द गेला आणि नुसते पैसे उरले.

मग मजकूर बघा. 'नाहीं', 'कांहीं', 'तें', 'घरीं' असे ठिकठिकाणी अनुस्वार शिंपडलेले असतील तर ते जुन्या शुद्धलेखनाचं आहे. उच्चारात नसलेले हे अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले. पण छापखाने आणि लेखक काही रातोरात बदलत नाहीत. म्हणून किंमत पैशांत आणि अनुस्वार जुने, अशी जोडी सापडली तर मी साठच्या दशकावर बोट ठेवते. बहुतेक वेळा बरोबर येतं.

या गावात एक कप्पा मात्र चुकवू नका, नाटकांचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' इथंच केलं, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतात तो त्याचाच, आणि सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. त्यामुळं जुन्या ढिगात नाटकांच्या बारक्या, पातळ प्रती हमखास निघतात. त्या कुणीतरी तालमीला वापरलेल्या असतात. एका पात्राच्या संवादांखाली लाल पेन्सिलीच्या रेघा, समासात 'इथे वळ', 'दिवे मंद', 'घाई नको!' त्या 'घाई नको'खाली दोनदा रेघ. कोपरे घामानं काळे झालेले, आणि पान बोटाखाली फडक्यासारखं मऊ. अशी प्रत दहा-वीस रुपयांना मिळते आणि कोऱ्या प्रतीपेक्षा मला ती केव्हाही चालते.

पानं झटकू मात्र नका. जुन्या पुस्तकांत वस्तू असतात. पिंपळाचं जाळीदार पान, लग्नपत्रिकेचा तुकडा, वाण्याची यादी. झटकलं की ढिगाखाली जातात.

सातवी पायरी: बोलणं

अर्धा तास झाला की काका स्वतःच काहीतरी विचारतात. तेव्हा खरं सांगा. "मला वाचायला आवडतं" असं म्हटलंत तर ते काय करणार बिचारे? "मागच्या महिन्यात अमुक वाचलं आणि मधेच सोडलं, कंटाळा आला," असं सांगा. न आवडलेल्या पुस्तकावरून दुकानदाराला आवडीचा पत्ता लवकर लागतो. ते उठतील, बोटानं कण्यांवरून एक फेरी मारतील आणि तिसऱ्याच कप्प्यातून काहीतरी काढून पुढं ठेवतील. ते घ्यायलाच हवं असं नाही. पण निदान उघडा.

चहा मागवला तर प्या. अर्धाच असतो. पिताना पुस्तक खाली ठेवा आणि पेल्यापासून हातभर लांब.

सवलतीचं. काका नियमित गिऱ्हाइकाला स्वतःहून दहा टक्के सोडतात. नवख्यानं पहिल्याच भेटीत घासाघीस करू नये असं माझं मत आहे. भाजी घेताना करा, मीही करते. एक गोष्ट मात्र मला सहन होत नाही, आणि ती मी डोळ्यांदेखत बघितलीय. एक गृहस्थ पाऊण तास बसले, काकांकडून चार पुस्तकांची माहिती काढली, चारही मुखपृष्ठांचे फोटो काढले, तिथंच उभं राहून फोनवर दर बघितले आणि "तिकडं साठ रुपये कमी आहेत" असं सांगून चालते झाले. काका म्हणाले, "असू दे." मला नाही तसं म्हणता आलं. कुठूनही मागवा, तुमचे पैसे आहेत. पण हुंगायला इथं आणि घ्यायला तिथं, हे बरं नव्हे.

आठवी पायरी: घेणं आणि नेणं

एकच घ्या. पहिल्या दिवशी उत्साहानं सहा घेतलेली माणसं सहा महिने परत येत नाहीत.

छापील पुस्तकावर जीएसटी नसतो. छापील किंमत, त्यातून सवलत, संपलं. काका अजून कार्बन घालून बिल लिहितात. त्या निळ्या कागदाचाही एक वास आहे, तो पुढच्या पिढीला मिळणार नाही. पिशवी नको म्हणा, वर्तमानपत्रात बांधून मागा. दोऱ्याची गाठ मारून काका तो दोरा बोटाला गुंडाळून तोडतात, ते बघण्यासारखं असतं. पाऊस असेल तर मात्र हौस सोडा आणि प्लॅस्टिक घ्या. गावात छत्री जेवढं पाणी अडवते त्याच्यापेक्षा जास्त रिक्षा उडवते.

घरी आल्यावर पुस्तक लगेच मधून फाकवू नका. टेबलावर कण्यावर उभं धरा, आधी पुढचं आणि मागचं कव्हर खाली टेकवा. मग पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं, अशी आळीपाळीनं बोटानं दाबत मध्यापर्यंत या. कणा सगळीकडून सारखा सैल होतो आणि एका जागी मोडत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. माझी आई नव्या वहीलासुद्धा हे करायची.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून नको, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. चार बोटं जागा सोडा. पुस्तकं ठासून भरू नका, हवा खेळली पाहिजे. कसरीसाठी वेखंडाचा तुकडा फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा. पोथ्यांच्या कापडात आजी ठेवायची तोच. डांबराच्या गोळ्याही चालतात, पण मग सगळ्या कादंबऱ्यांना लोकरीच्या स्वेटरचा वास येतो.

भाचीनं त्या शनिवारी काहीच घेतलं नव्हतं. परवा ती एकटी गेली. रात्री साडेनऊला फोन. एक जुनं नाटक घेतलं म्हणाली, वीस रुपयांना, वास गोडसर आहे, हुंगून घेतलं. "पण मावशी, आत एसटीचं तिकीट निघालं. जुनं, पातळ कागदाचं, कंडक्टरच्या चिमट्याची भोकं पडलेलं. दीड रुपयाचं. काय करू त्याचं?"

"कितव्या पानावर होतं?"

"एकतीस. दुसरा अंक सुरू होतो तिथं."

"तिथंच राहू दे," म्हटलं. "आणि हात धुतलेस ना?"